फुटपाथ त्यांचा, फावडं आमचं

कॉर्नरचं घर घ्यावं, दोन्ही बाजूंनी उजेड येतो, हवा खेळती राहते, पाहुण्यांना सापडायला सोपं, असं सांगणारे सगळे लोक सांगली-कोल्हापूरकडचे असतात आणि त्यांनी शिकागोत एकही जानेवारी काढलेला नसतो. आमच्या एजंटबाईंनीही हेच सगळं सांगितलं आणि नवऱ्यानं मान डोलावली. एक गोष्ट तेवढी कोणी बोललं नाही. शिकागोत घरापुढचा फुटपाथ सिटीचा, म्हणजे महापालिकेचा असतो पण त्याच्यावर पडलेला बर्फ घरमालकाचा असतो, आणि कॉर्नरच्या घराला पुढं एक आणि बाजूला एक असे दोन फुटपाथ असतात.

हिशोब सांगते. इथला नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद आणि १२५ फूट लांब. रांगेतल्या मधल्या घरवाल्याला साफ करायचा २५ फूट. कॉर्नरवाल्याला २५ अधिक १२५, म्हणजे दीडशे. नियमात पाच फूट रुंदीची वाट सांगितलीय, व्हीलचेअर आणि बाबागाडी जायला पाहिजे म्हणून, आणि ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दीडशे गुणिले पाच आणि वर सहा इंच बर्फ, म्हणजे ताजा हलकाफुलका बर्फ धरला तरी एक टनाच्या आसपास जातो. ओला असेल तर दोन-तीन टनसुद्धा. हे गणित नवऱ्यानं मला एक्सेलमध्ये करून दाखवलं. त्याची स्लिप डिस्क आहे, त्यामुळं आमच्या घरात एक्सेल त्याच्याकडं आणि फावडं माझ्याकडं अशी वाटणी झालीय.

त्यात वेळेचं बंधन. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मध्ये पडलेला बर्फ रात्री १० च्या आत काढायचा, संध्याकाळी ७ नंतर पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत. शनिवार-रविवार धरून. नाही काढला तर ५० डॉलरपासून ५०० डॉलरपर्यंत दंड. त्यामुळं डिसेंबर ते मार्च मी संध्याकाळी पावणेसातला किचनच्या खिडकीत उभी असते. सव्वासातला सुरू झाला तर रात्र माझी आहे, भाकरी खाऊन झोपायचं. साडेसहाला सुरू झाला तर बूट चढवायचे.

तर अशा या संसारात गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये माझे सासरे राहायला आले. शहाणी माणसं आईवडलांना मे-जूनमध्ये बोलावतात. पण नानांना थंडी "बघायची" होती. आणि हे सांगायला पाहिजे की नानांनी उभं आयुष्य नगरपालिकेत काढलंय, तेही आरोग्य खात्यात, म्हणजे झाडलोट, गटारं, कचऱ्याच्या गाड्या, मुकादम, हजेरीपट आणि नागरिकांच्या तक्रारी. तक्रारी हा शब्द ते असा उच्चारतात की समोरच्याला आपण उगाच टॅक्स भरतो असं वाटायला लागतं.

पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा मी कोट, त्यावर जॅकेट, दोन हातमोजे, कानटोपी असा सगळा जामानिमा करून बाहेर पडले. नाना माकडटोपी घालून खिडकीशी. अर्ध्या तासानं मी घाम पुसत आत आले तर त्यांनी चौकशी सुरू केली.

"फुटपाथ कुणाच्या मालकीचा?"

"सिटीच्या."

"मोडला तर दुरुस्ती?"

"खर्च दोघांत वाटून घ्यायची एक योजना आहे."

"आणि बर्फ?"

"आपण."

"नाही काढला तर दंड कुणाकडं जमा होतो?"

"सिटीकडं."

नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही जन्मभर उगाच झाडू खात्याचे पगार काढले गं."

मला वाटलं होतं सासरा म्हणून तरी हा माणूस सुनेच्या बाजूनं बोलेल. कसलं काय. त्या दिवसापासून नाना पूर्णपणे शिकागो महापालिकेचे झाले. मी कण्हत आत आले की ते मला समजावून सांगायचे की एवढ्या मोठ्या गावात प्रत्येक फुटपाथवर माणूस लावायचा तर बजेट कुठनं आणायचं, रात्रपाळीचा भत्ता किती होईल, युनियन काय म्हणेल. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण मी लहानपणापासून ऐकतेय पण बायजीला पेन्शन मिळते आणि ती खिडकीत चहा पीत बसते हे मला इथं कळलं.

एकदा मात्र त्यांच्यातला जुना कारकून जागा झाला. त्या दिवशी बर्फ संध्याकाळी सहाला सुरू झाला आणि आठला थांबला. नाना म्हणाले, थांब, घाई करू नकोस. सातच्या आधीचा बर्फ आज रात्री दहाच्या आत काढायचाय. सातनंतरचा उद्या सकाळी दहापर्यंत राहिला तरी चालतो. म्हणजे खालच्या थराची मुदत आज संपते आणि वरच्या थराची उद्या. तर वरचा न हलवता खालचा काढायचा कसा, हे नियमात कुठं लिहिलंय का बघ. नवऱ्यानं खरंच बघितलं. नाही लिहिलेलं. मी दोन्ही थर काढून आत आले तेव्हा बापलेक अजून त्यावर बोलत होते.

आता स्नोप्लाऊ, म्हणजे पुढं पातं लावलेली बर्फ सारायची गाडी. रस्ते साफ करायचं काम सिटीचं, आणि ते काम सिटी मनापासून करते, रात्री दोन वाजता दिवे चमकवत प्लाऊ जातो तेव्हा खरंच धीर येतो. बर्फ वितळवायला मीठ टाकत जाणाऱ्या जवळजवळ तीनशे गाड्या आहेत त्यांच्याकडं. कुठली गाडी आत्ता कुठं आहे ते नकाशावर सगळ्यांना दिसतं, नवरा रात्री पांघरुणात फोन घेऊन तेच बघत असतो, "आला आला, दोन गल्ल्या पलीकडं आहे." गाड्यांना नावंही दिलीत, लोकांकडून स्पर्धा घेऊन. अमेरिकन फुटबॉलवाल्या वॉल्टर पेटनच्या नावावरनं सॉल्टर पेटन, इथल्या उंच सिअर्स टॉवरवरनं सिअर्स प्लाऊअर, 'होली काऊ' या उद्गारावरनं एक नुसतंच होली प्लाऊ. मीठसुद्धा साधं नाही. उणे नऊ-दहाच्या खाली गेलं की नुसत्या मिठाचा फार उपयोग होत नाही, मग त्यात बीटाचा रस वगैरे मिसळतात. नाना म्हणाले, कोशिंबिरीतलं बीट? म्हटलं त्याचं भावंड, साखर काढतात ते. त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

पण प्लाऊबद्दल एक समजून घ्या. प्लाऊ बर्फ उचलून घेऊन जात नाही, तो बाजूला सारतो. आणि रस्त्याच्या बाजूला कोण आहे? बाजूला आम्ही आहोत. कॉर्नरला फुटपाथ उतरतो तिथं जो उतार असतो, तोही मोकळा ठेवायची विनंती आम्हालाच, आणि नेमका तिथंच प्लाऊ वळताना त्याच्या पात्यावरचं सगळं सांडतं. हा बर्फ वरून पडलेला बर्फ नव्हे. हा करडा, मीठ-चिखल खाऊन फुगलेला, ढेकळाढेकळांचा, मध्ये एखादा कॉफीचा कप असलेला माल असतो, आणि तासाभरात तो असा गोठतो की फावडं आपटलं की ठणठण वाजतं आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत जातात. आणि गंमत म्हणजे तो परत रस्त्यावर टाकायला बंदी. रस्त्यावरचा बर्फ फुटपाथवर येऊ शकतो, फुटपाथवरचा रस्त्यावर जाऊ शकत नाही. फायर हायड्रंटपाशी टाकायचा नाही, बसस्टॉपवर नाही, सायकलच्या लेनमध्ये नाही. उरते ती फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची चिंचोळी पट्टी, तिथं ढीग करायचा. फेब्रुवारीपर्यंत तो ढीग माझ्या खांद्याला लागतो आणि मग फावडं डोक्यावरनं फेकावं लागतं.

मी एकदा वैतागून म्हटलं, हे लोक बर्फावरनं एवढे का घाबरून असतात, भर रात्री तीनशे गाड्या काय, नकाशे काय. तेव्हा नवऱ्यानं नानांना १९७९ ची गोष्ट सांगितली. त्या जानेवारीत शिकागोत आधीच बर्फ साठलेला होता, त्यावर १३-१४ तारखेला आणखी वीस इंचांच्या वर पडला. गाड्या अडकल्या, ट्रेन बोंबलल्या, कचरा उचलला जाईना. मायकेल बिलँडिक महापौर होते. फेब्रुवारीच्या शेवटी पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, त्यात जेन बर्न यांनी त्यांना हरवलं आणि शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. बर्फापायी माणूस गेला.

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "बर्फ काढला नाही म्हणून महापौर पडला?"

"मुख्य कारण तेच धरतात."

"मुंबईत २००५ च्या २६ जुलैला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला," नाना म्हणाले, "सगळं शहर गळ्याएवढ्या पाण्यात. आणि २००७ ला महापालिकेत सत्ता तीच आली." मग थोडं थांबून, "इथले लोक डूख धरतात म्हणायचे." यात त्यांना कौतुक वाटलं का धास्ती, ते मला अजून कळलेलं नाही.

शेजाऱ्यांचं सांगते. आमच्या शेजारी एक पोलिश आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. शिकागोच्या या वायव्येकडच्या भागात पोलिश लोक पुष्कळ. आजी पहाटे पाचला अंधारात उठून त्यांचे पंचवीस फूट असे लख्ख करतात की आमच्या घरापुढचा फुटपाथ नुसता लाजिरवाणा दिसतो. त्यांच्या पलीकडं एक तरुण गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं बर्फ उडवून फेकणारा स्नोब्लोअर आहे. ते मशीन घेऊन निघतात आणि हद्द आली की तिथल्या तिथं थांबतात. हद्द म्हणजे अक्षरशः हद्द. तिथं बर्फाला अशी सरळ उभी कड पडते की ओळंबा लावून बघावा. एकीकडं काँक्रीट, दुसरीकडं नऊ इंचाची पांढरी भिंत. आमच्या गावाकडं बांध कोरून कोरून शेजाऱ्याची फूटभर जमीन लाटतात, त्यावरनं तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. इथं फूटभर फुटपाथ जास्त कुणालाच नको. मोजणी अधिकाऱ्याला बोलवायची गरज नाही, बर्फ पडला की सगळ्या गल्लीची मोजणी होऊन जाते.

आजी मात्र आमच्या हद्दीत दोन फूट जास्त काढतात. हा अतिशय अवघड प्रकार आहे. उपकार आहे, पण फेडायचा कसा? मी त्यांच्याकडचे चार फूट काढायला गेले तर ते आधीच काढलेले. मग मी शिरा नेऊन दिला. दुसऱ्या बर्फाला त्यांनी तीन फूट काढले. नाना म्हणाले, शिऱ्याचा दर काय लावलाय ते बघून घे, डब्बल दिलास तर कॉर्नरपर्यंत येतील. मला ऐंशी वर्षांच्या बाईकडून बर्फ काढून घ्यायचा नाही हो, पण खरं सांगायचं तर तुपाचा डबा हातात घेऊन मी एकदा विचार केला होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडं होतं. जानेवारीतला शनिवार, बाहेर उणे बारा, आणि मंडळातल्या बायका पैठण्या नेसून येणार. खाली गुडघ्यापर्यंत बर्फाचे बूट, वर नथ. दारात बुटांचा एवढा ढीग झाला की निघताना कुणाचा डावा कुणाच्या उजव्याबरोबर गेला आणि ते प्रकरण होळीपर्यंत चाललं. मी सकाळपासून फुटपाथ खरवडून ठेवलेला, वर मीठ मारलेलं, कारण एक जरी घसरली असती तर तिळगूळ घ्या गोड बोला तिथंच संपलं असतं. वाण काय द्यायचं यावर मी फार विचार केला आणि या वर्षी सगळ्यांना बर्फ वितळवायच्या मिठाचा एकेक डबा दिला. उपयोगी वस्तू द्यावी म्हणतात ना. तर एक काकू मागंच सरकल्या. मीठ हातात देऊ नये, भांडणं होतात. म्हटलं काकू, हे खायचं नाही, पायरीवर टाकायचं. "मीठ ते मीठ. खाली ठेव, मी उचलते." मग प्रत्येकीला हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, डबा जमिनीवर ठेवायचा, तिनं वाकून पैठणी सावरत उचलायचा, असा कार्यक्रम झाला.

आलेल्यांमध्ये एक वकील होती. तिनं चहा घेता घेता सांगितलं की एवढी कशाला घाबरतेस, आपल्या या इलिनॉय राज्यात निसर्गानं पडलेल्या बर्फावरनं कुणी घसरलं तर सहसा मालकाला जबाबदार धरत नाहीत. उलट १९७९ पासून एक कायदाच आहे, घरापुढचा फुटपाथ साफ करणाऱ्यावर त्या कामातल्या चुकीसाठी खटला भरता येऊ नये म्हणून, मुद्दाम काही केलं नसेल तर. लोकांनी साफ करावं असा उद्देश. मी म्हटलं बरं झालं बाई. तर म्हणाली, पण बर्फ नैसर्गिक पाहिजे. म्हणजे? म्हणजे ढगातून पडला तर नैसर्गिक. तुझ्या छपराच्या पन्हाळीतून पाणी फुटपाथवर सांडलं आणि ते गोठलं, तर तो अनैसर्गिक, तो तुझा.

झालं. सगळ्या पैठण्या उठून खिडकीशी. आमच्या पन्हाळीचा पाइप नेमका कुठं तोंड करून आहे याची पाहणी झाली. दोघींचं मत पडलं तो फुटपाथकडं बघतोय, एकीचं पडलं बागेकडं. नाना आतल्या खोलीत होते, ते खास बाहेर आले आणि पंचनामा केल्यासारखं म्हणाले, "पाइप बागेकडंच आहे, पण उतार फुटपाथकडं आहे." दुसऱ्या दिवशी मी त्या पाइपला वाकडा जोड लावून घेतला. तेव्हापासून फुटपाथवर घसरगुंडी दिसली की मी आधी वर बघते. नैसर्गिक असेल तर मला बरं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल गाडी गॅरेजमध्ये ठेवत असाल, गाडीचं तरी सुख असेल. गॅरेज आहे. घरामागच्या गल्लीत उघडतं, शिकागोत बहुतेक घरांचं तसंच असतं, अशा मागच्या गल्ल्या सुमारे १९०० मैल आहेत म्हणे. इथं त्याला अ‍ॅली म्हणतात आणि अ‍ॅलीमध्ये प्लाऊ येत नाही. नानांनी मला ३११ ला, म्हणजे सिटीच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करायला लावला, स्पीकरवर. पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की अ‍ॅली अरुंद असते, प्लाऊ आणला तर तो बर्फ दोन्ही बाजूंच्या गॅरेजच्या दारांवर जाऊन बसेल, तुमचं दारच उघडणार नाही, म्हणून आम्ही आणत नाही. नानांनी मान डोलावली. "उत्तर बरोबर आहे," म्हणाले, "याला तक्रार निकाली काढणे म्हणतात." मग काय करतात, तर कचऱ्याच्या गाड्या तिथनं जातात आणि त्यांच्या चाकांनी जे दोन चर पडतात त्यातनं आपण आपली गाडी न्यायची. हे कळल्यावर नाना मंगळवारी सकाळी मागच्या दारात जाऊन उभे राहिले. कचऱ्याची गाडी आली, गेली, चर पडले. नाना गहिवरले होते. एका डिझेलमध्ये दोन कामं. त्यांच्या अख्ख्या नोकरीत त्यांना हे सुचलं नव्हतं.

चर मोठ्या ट्रकच्या चाकांच्या मापाचे असतात आणि आमची गाडी लहान. एक चाक चरात, दुसरं उंचवट्यावर, मधनं पोट घासतंय. म्हणून जोराचा बर्फ झाला की गॅरेज असूनही गाडी रस्त्यावर. त्यातही मोठ्या रस्त्यांवर नाही, कारण १ डिसेंबर ते १ एप्रिल असे १०७ मैल रस्ते आहेत जिथं पहाटे ३ ते ७ गाडी लावायला बंदी. बर्फ असो वा नसो. आकाश निरभ्र, चांदणं पडलंय, रस्ता कोरडा ठाक, तरी टो. आमच्या ओळखीत दर वर्षी एक तरी नवा आलेला मुलगा डिसेंबरच्या पहिल्याच पहाटे हा धडा शिकतो आणि मग आमच्याकडं जेवायला येऊन सगळ्यांना शिकवतो.

तर आपल्या गल्लीतली जागा. गाडी बर्फात पुरलेली असते, ती तासभर खणून काढायची, कामाला जायचं आणि परत येईपर्यंत तिथं भलताच कोणीतरी लावून गेलेला. यावर शिकागोची एक जुनी रीत आहे. आपण खणलेल्या जागेत खुर्ची ठेवायची. दोन खुर्च्या, मध्ये फळी. इस्त्रीचं टेबल, दुधाचे क्रेट, मोडका पंखा, लहान मुलांची घसरगुंडी, काही लोक देवाची मूर्तीसुद्धा ठेवतात. याला डिब्स म्हणतात. नानांनी लगेच विचारलं, परवानगी आहे?

"नाही."

"म्हणजे बंदी आहे."

"तशी आहे. पण काही दिवस कोणी काढत नाही. मग सिटीवाले येऊन सामान उचलतात."

"मग आपल्यासारखंच आहे की," नाना म्हणाले, आणि शिकागोत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना घरच्यासारखं वाटलं असावं. ते उठून घरभर सामान बघत फिरायला लागले. डायनिंगची खुर्ची मी देणार नव्हते. प्लॅस्टिकचं स्टूल वाऱ्यानं उडालं असतं. अखेर बेसमेंटमधनं नवऱ्याची व्यायामाची सायकल निघाली. पाठीच्या डॉक्टरांनी सांगितली म्हणून घेतलेली, जिच्यावर टॉवेल वाळत असायचे. जड, न उडणारी, आणि गेली तरी घरात कुणाला दुःख होणार नाही अशी. ती रस्त्यात उभी केली.

सायकलीनं जागा उत्तम राखली. फक्त शाळा सुटल्यावर गल्लीतली पोरं येऊन तिच्यावर बसायला लागली, पफी जॅकेटं घालून, भर बर्फात पायडल मारतायत. विकत घेतल्यापासून तिच्यावर एवढा व्यायाम कधी झाला नव्हता. नवरा खिडकीतनं बघत म्हणाला, रेझिस्टन्स वाढवून ठेवायला पाहिजे होता. मग एका सकाळी सिटीची गाडी आली आणि सगळ्या गल्लीचं सामान उचलून घेऊन गेली. नानांनी घड्याळ बघितलं, गाडीवर किती माणसं होती ते मोजलं. तीनच. "आमच्याकडं अतिक्रमणाला आठ जण जायचे," म्हणाले, "आणि तरी टपरीवाला तिथंच असायचा."

मार्च आला. दुपारी छपरावरनं टपटप सुरू झाली की मला वाटतं सुटलो, आणि रात्री तेच सगळं परत गोठतं. यालाच मी जास्त घाबरते. दिसतच नाही. नुसत्या ओल्या दिसणाऱ्या फुटपाथवर पारदर्शक पापुद्रा, त्यावर कुत्रा फिरवणारा माणूस फोनवर बोलत येतोय, आणि मी खिडकीतनं श्वास रोखून बघतेय.

अशा एका रात्री जेवताना नवऱ्यानं बातमी सांगितली की इथं 'प्लाऊ द साइडवॉक्स' म्हणून मोहीम चालू आहे, फुटपाथही सिटीनंच साफ करावेत अशी मागणी. म्हातारे, व्हीलचेअरवाले, बाबागाडीवाले यांना एका साफ न केलेल्या घरापायी अख्खा ब्लॉक बंद होतो, रस्त्यात उतरून गाड्यांमधनं जावं लागतं. मुद्दा एकदम पटण्यासारखा आहे. आमच्याच ब्लॉकवर एक रिकामं घर आहे, तिथला बर्फ कुणीच काढत नाही, पोलिश आजी रस्त्यात उतरून बसस्टॉपला जातात. सांगायचं तर टोरांटोला सिटी फुटपाथवर छोटे प्लाऊ फिरवतेच, बर्फ काही तिथं कमी पडत नाही. तर शिकागोच्या सिटी कौन्सिलनं २०२३ मध्ये प्रायोगिक योजना आखायला मंजुरी दिली आणि त्यासाठी एक गट नेमला, असं नवरा म्हणाला. मी भाकरी तव्यावर तशीच सोडून बाहेर आले.

"गट म्हणजे समिती का?" नाना.

"तसंच."

"मग सूनबाई, तू पुढच्या वर्षीचं फावडं आत्ताच सेलमध्ये घेऊन ठेव."

ज्या माणसानं जन्मभर समित्यांची इतिवृत्तं लिहिली त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. तर फावडी संपलेली. मिठाची पोती हलवलेली. ज्या रांगेत चार महिने बर्फाचं सामान होतं तिथं आता गवताचं बी, खत, आणि पुढं ओळीनं लॉन मॉवर उभे. बाहेर अजून ढिगारे आहेत आणि आत वसंत आलाय.

नाना मॉवरपाशी थांबले. "आपण बर्फ टाकत होतो ती पट्टी, फुटपाथ आणि रस्त्यामधली. ती कुणाची?"

"सिटीची."

"त्यावर गवत येतं?"

"भरपूर येतं."

नाना माझ्याकडं बघायला लागले. मी काही बोलले नाही. नवऱ्यानं फोन काढून नियम वाचला, गवत-तण दहा इंचांच्या वर गेलं की दंड. दोन्ही बाजूंनी, अर्थातच.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर टॅक्स भरणाऱ्या माणसाची कळा दिसली.

"दहा इंच म्हणजे कुठंही दहा, का सरासरी दहा?"

नवऱ्यानं परत वाचलं. "सरासरी."

"हां," नाना म्हणाले, आणि सगळ्यात स्वस्त मॉवरकडं ट्रॉली वळवली, "मग घरापुढचं पंचवीस फूट बारीक काप. बाजूचं वाढू दे."